आधी कडू

"आणि धमनी सापडलीच नाही, तर नस कापू ना?" डॉक्टर लाहिरींनी विचारलं. गरियाहाटच्या बाजारात मासेवाला विचारतो, कापून देऊ की अख्खाच नेता, तसं. त्याचा हात तेव्हा विळीच्या पात्यावर असतो, मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली असतात आणि उत्तर ऐकायला तो मान वर करत नाही. उत्तर अतनु सरखेलला द्यायचं होतं. बोलायचं तर आधी तोंडातली लाळ गिळायला हवी होती, आणि गिळायचं तर तयारी हवी होती. त्याने डावा तळवा कानावर ठेवला, डोळे मिटले, हनुवटी किंचित उचलली आणि थांबला. परक्या घराच्या फाटकाशी उभं राहून आत कुत्रं मोकळं आहे का याचा अंदाज घ्यावा तसा. मग गिळलं. या वेळी काही झालं नाही. डोळे उघडले तेव्हा डॉक्टर लाहिरी भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होत्या.

"परत सांगते," त्या म्हणाल्या. "ही तुमची नववी नस. मेंदूच्या बुडातून निघते आणि टॉन्सिलपाशी, जिभेच्या मुळाशी येते. एखादी धमनी तिला चिकटून बसली की दर ठोक्याला तिला धक्का देते. वर्षानुवर्षं. नसेवरचं आवरण झिजतं. मग गिळलं, जांभई दिली, की ती पेटते. मी कानामागे रुपयाएवढी खिडकी करणार, धमनी उचलून बाजूला सारणार, मध्ये कापसासारखी गादी ठेवणार. नस शाबूत राहते. पण तुमच्या फोटोत धमनी नीट दिसत नाहीये. आत गेल्यावर ती नसलीच, तर तसंच बंद करून बाहेर यायचं, नाहीतर नववी कापायची. आणि तिच्याखालच्या दहावीचे वरचे एकदोन धागे."

"कापली तर?"

"दुखणं जाईल. बहुतेक कायमचं. आवाज घोगरा होऊ शकतो. पाणी पिताना ठसका लागू शकतो, काहींना महिनाभर, काहींना कायम. डाव्या कानाला कमी ऐकू येऊ शकतं. जिवाचा धोका थोडा आहे, पण आहे. तो नाही असं मी कुणालाच सांगत नाही."

"आणि चव?"

"जिभेच्या मागच्या भागाची, फक्त डावीकडची. कडू तिथे जास्त जाणवतं, तेवढं कमी होईल. उजवी बाजू राहतेच की. माझ्या पेशंटांना तर फरक कळलासुद्धा नाही."

"काय करतात ते, तुमचे पेशंट?"

"म्हणजे? एक बँकेत होते. एक बाई शाळेत शिकवतात."

"मी चहा चाखतो," अतनु म्हणाला. "तीस वर्षं. त्याचाच पगार घेतो."

डॉक्टर लाहिरींनी मग त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. हातातलं पेन टोपण लावून ठेवलं. "बुधवारी संध्याकाळी भरती व्हा," त्या म्हणाल्या, आवाज आता बाजारातला नव्हता. "गुरुवारी सकाळी ऑपरेशन. मला उत्तर बुधवारी द्या, पण द्या. आत गेल्यावर मी तुम्हाला उठवून विचारू शकत नाही. आणि घरचं माणूस बरोबर आणा."

ट्राममध्ये खिडकीशी बसून तो दुखण्यासाठी शब्द शोधत राहिला. हा त्याचा जुना चाळा होता आणि त्यात त्याला कधी यश आलं नव्हतं. चहासाठी त्याच्याजवळ शेकडो शब्द होते. हा चहा पोकळ आहे, हा लोखंडी आहे, ह्याची पानं भट्टीत जास्त वेळ राहिली, ह्याच्यावर पाऊस पडून गेलाय. समोरच्या पेल्यातल्या घोटभर पाण्यातून तो मळ्याची उंची सांगायचा. पण जिभेच्या मुळाशी सुरू होऊन कानाच्या आत जाऊन फुटणारं हे जे काही होतं, त्याला वीज म्हणावं तर ती भाजत नाही, सुई म्हणावं तर ती इतकी रुंद नसते. ते यायचं, क्षणभर सगळी जागा व्यापायचं, आणि गेल्यावर तिथे काहीच नसायचं. ना सूज, ना लाली. आरशात तोंड उघडून बघितलं की एक साधा, गुलाबी, वयस्कर घसा दिसायचा.

हे सुरू झालं तेव्हा त्याला ते दुखणं वाटलंच नव्हतं. त्याला तो चहा वाटला होता. डलहौसी चौकातल्या त्यांच्या चहाच्या दलाली पेढीच्या तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या उजेडात, पांढऱ्या पेल्यांची लांबच लांब रांग मांडलेली असते. चाखणारा चमचा भरून घेतो आणि असा जोरात ओढतो की चहाचा फवारा होऊन टाळूच्या मागे आदळतो. वास मागच्या वाटेने नाकात चढतो. मग बरोबर सरकत येणाऱ्या चाकांच्या पिकदाणीत थुंकायचं आणि पुढचा पेला. गिळायचं कधीच नाही. त्या सकाळी काठालबाडी मळ्याच्या पेल्याशी त्याने चहा ओढला आणि घशाच्या डाव्या कोपऱ्यात काहीतरी लखकन उठलं. तोंडात जे घडतं ते पेल्यातून आलेलं असतं, हे त्याच्या हाडांत मुरलेलं होतं. तो शांतपणे म्हणाला, "करपलाय. शेवटी घशाला ओरखडतो."

शेजारी शिबाजी गुहा उभा होता, वयाने दहा वर्षांनी लहान आणि जिभेने फारसा लहान नाही. त्याने तोच पेला पुन्हा चाखला. "मला नाही जाणवत, अतनुदा."

"तुझं घशाशी पोचतच नाही. दातांनी चाखतोस."

सगळे हसले, शिबाजीसुद्धा. काठालबाडीचा भाव त्या लिलावात पडला. पुढच्या आठवड्यात आणखी दोन मळ्यांचे चहा ओरखडले, त्यानंतर चार. उन्हाळा कडक गेलाय, यंदा सगळीकडे भट्ट्या तापल्यात, अशी एक उपपत्तीही अतनुने तयार केली, आणि ती इतकी सुसंगत होती की पेढीत दोघातिघांना तो ओरखडा जाणवू लागला. मग एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर त्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि तेच लखकन उठलं. तेच, त्याच जागी, त्याच वळणाने कानापर्यंत. तो पेला हातात धरून बराच वेळ उभा राहिला. पाण्याला मळा नसतो. पाणी करपत नाही. इतके दिवस तो स्वतःलाच चाखत होता.

त्या दुपारनंतर आधी दाताचा डॉक्टर झाला. त्याने डावीकडची शाबूत दाढ काढली. मग कानाचा झाला, त्याला कानात काही सापडलं नाही. शेवटी एका म्हाताऱ्या घशाच्या डॉक्टरने टॉन्सिलच्या जागेवर बधिर करणाऱ्या औषधाचा फवारा मारला आणि म्हणाला, "गिळा आता." अतनुने कानावर हात ठेवला, तो डॉक्टरने काढून घेतला. "हात नको. नुसतं गिळा." गिळलं. काही नाही. परत गिळलं. काही नाही. तासभर ते औषध टिकणार होतं. अतनु जवळजवळ धावत खाली उतरला आणि कोपऱ्यावर मातीच्या कपातला चहा घेतला. उकळून उकळून काळा झालेला, आलं घातलेला, ज्याला पेढीत कुणी चहा म्हटलं नसतं. त्याने मोठा घोट घेतला. दुखलं नाही, आणि चहाही नव्हता. गरम होतं, गोड होतं, पुढे जिभेच्या टोकाशी काहीतरी हललं, पण मागे, जिथे चहा खरा चहा होतो, जिथे तो कडवटपणा अंग धरतो आणि मग हळू सुटतो, तिथे कुणी दार उघडलं नाही. फूटपाथवर उभा राहून त्याने तो कप संपवला. तासाभराने घशात पहिली ठिणगी उडाली तेव्हा त्याला आपल्या मनात जे उमटलं त्याचं नवल वाटलं. ते हायसं वाटणं होतं.

मिरगीवरच्या गोळ्या अशा कळांवरही देतात; त्यांनी चार महिने काम भागलं. त्या घेतल्या की दुखणं भिंतीपलीकडे जायचं, पण शब्दही जायचे. पेल्यासमोर उभा राहून तो "पोकळ" हा शब्द आठवत राहायचा आणि पिकदाणीवाला त्याची वाट बघत थांबायचा. मग गोळ्या पुरेनाशा झाल्या, आणि एका सोमवारी रांगेच्या मध्यावर चमचा ओढताना दुखणं आलं आणि त्याच्या पाठोपाठ उजेड गेला. डोळे उघडले तेव्हा तो जमिनीवर होता, सदरा चहाने भिजलेला, आणि वर शिबाजीचा पांढराफटक चेहरा होता. "अतनुदा," शिबाजी म्हणाला, "एवढा वाईट होता?" मग तो रडू लागला. नंतर इस्पितळात छातीला तारा लावून ठेवल्या तेव्हा कळलं, की दुखण्याच्या कळेबरोबर त्याचं हृदय काही क्षण थांबतं. नववीतून निघालेली ठिणगी दहावीत उडी मारते, आणि दहावी हृदयाला सांगते, थांब. म्हणजे नुसतं सोसत बसण्याचा रस्ता त्याला उरला नव्हता. नाहीतर तो सोसत बसला असता. त्याची त्याला सवय झाली होती.

घरी कामाच्या मावशी, पारुलमाशी, स्वयंपाक आटोपून चप्पल शोधत होत्या. भवानीपूरच्या त्या दोन खोल्यांत त्या सकाळी येत, दोन्ही वेळचं रांधत आणि जात. "दादाबाबू, काय म्हणाली डॉक्टरीण?"

"कापायचं म्हणते. बहुतेक."

"घसा?" त्यांनी पदर तोंडाला लावला.

"घसा नाही. आतली नस. मग कडू कळणार नाही म्हणे, एका बाजूला."

पारुलमाशींनी जरा विचार केला. "आत्ता तरी कुठे खाताय? उच्छे तळून ठेवते, तसेच परत जातात. कडू न खाता एकदम माशावर जाता. जिभेला जाग कशी यायची?" मग, चप्पल सापडल्यावर, दारातून: "आमच्या गावाकडे म्हणतात, पहिला घास कडू खाल्ला नाही तर जेवण पाहुण्यासारखं होतं. आलं आणि गेलं."

आईही असंच काही म्हणायची. भाताच्या पहिल्या घासाबरोबर कडू: कारल्याचे ते चिमुकले भाऊबंद, उच्छे, नाहीतर कडुलिंबाचा कोवळा पाला घातलेली वांगी, निम-बेगुन. मग डाळ, मग मासा, मग आंबट, मग गोड. या क्रमाने तो वाढला होता आणि याच क्रमाने त्याची जीभ घडली होती. कडू हा त्याच्या तोंडाचा उंबरठा होता. काबेरीने लग्नानंतर पहिल्यांदा निम-बेगुन केलं तेव्हा त्याने घास घोळवून सांगितलं होतं, "पाला एक दिवस जून आहे." खरंच होता. दुसऱ्या दिवशी डाळीत मीठ चिमूटभर मागे होतं. तेही खरं होतं. त्याला ते टोमणे वाटत नसत; तो फक्त सांगत असे, पेल्यासमोर सांगतो तसं. "तुझं तोंड ऑफिसात ठेवून येत जा रे," काबेरी म्हणायची. सुरुवातीला हसून. पुढे पुढे ती त्याच्यासमोर बसून जेवेनाशी झाली, कारण तो घास घेई तेव्हा तिचा हात ताटावर थांबायचा, निकालाची वाट बघत. अकरा वर्षांपूर्वी ती जलपाईगुडीला गेली, तिथल्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होऊन, भावाच्या घराशेजारी. भांडण झालं नव्हतं. दरवर्षी विजयादशमीला फोन होई, दोघंही एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करत. घरचं माणूस बरोबर आणा. त्याने फोनचा रिसीव्हर उचलला. त्यातला एकसुरी आवाज ऐकला. काय सांगायचं? की जिच्यामुळे तू गेलीस ती जीभ कापायला निघालोय, अर्धी तरी? रिसीव्हर ठेवताना त्याने जांभई दिली आणि दुखण्याने त्याला भिंतीशी उभं केलं. ते गेल्यावर खोली जास्तच रिकामी वाटली. त्याला कधी कधी वाटे, दिवसातून इतक्या वेळा, इतक्या जवळ येणारं त्याच्या आयुष्यात दुसरं कुणी नाही.

बुधवारी शिबाजी आला, हातात थर्मास आणि बगलेत वर्तमानपत्र घेऊन. बायपासजवळच्या त्या इस्पितळात भरतीच्या खिडकीतून मुलीने पुकारलं, "अतनु सरखेल, घरचं कोण आहे?"

"मी," शिबाजी म्हणाला.

"आपलं नातं?"

"ते थुंकतात तो चहा मी परत चाखतो."

मुलगी हसली नाही. "भाऊ लिहू?"

"लिहा. लहान भाऊ. सावत्र लिहिता आलं तर बघा."

वर खोलीत गेल्यावर शिबाजीने वर्तमानपत्र उघडलं, मिटलं, परत उघडलं. "अतनुदा, एक विचारू? काठालबाडी. तेव्हा खरंच ओरखडत होता?"

"नाही."

"मला वाटलंच," शिबाजी म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा काही भाव आला नाही, उलट काहीतरी विझलं. "पण खरं सांगू, तिसऱ्या दिवशी मलाही जाणवायला लागलं होतं. शपथ. तुम्ही म्हणालात म्हणून."

डॉक्टर लाहिरी दिवेलागणीला आल्या. "ठरलं?"

अतनुने तयारीने गिळलं. हात कानावर, डोळे मिटलेले. त्या तेवढ्या अंधारात त्याला स्पष्ट दिसलं की ज्या चवीसाठी तो हे उत्तर अडवून बसलाय, ती कधीच गेली आहे. कित्येक महिन्यांत त्याने एकही घास चाखला नव्हता. घास येई, आणि सगळं तोंड त्याच्याकडे पाठ करून त्या एका कोपऱ्यावर पहारा देत उभं राही. तो पहाऱ्यालाच चव म्हणत होता.

"सापडली तर गादी," तो म्हणाला. "नाही सापडली तर कापा. पण नंतर मला सांगू नका. शिबाजी, तूही नाही. मी चाखून सांगेन."

"मला सांगावंच लागतं."

"मी विचारेन तेव्हा."

डॉक्टर लाहिरींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जरा अवघडून. "विचित्र माणूस आहात. पण ठीक."

शुद्ध आल्यावर त्याने पहिल्यांदा गिळलं ते चुकून, तयारी न करता. काही झालं नाही. मग तो मुद्दाम गिळत राहिला, पुन्हा पुन्हा, जुन्या घराच्या सगळ्या खोल्यांतून दिवा घेऊन फिरावं तसा, आणि कुठेही कुणी नव्हतं. कानामागे टाके ठणकत होते, पण ते साधं, ओळखीचं, कुणाचंही असावं तसं दुखणं होतं. त्याने शिबाजीला हाक मारली तेव्हा खोलीत तिसरंच कुणीतरी बोललं. खरखरीत, हवेने भरलेला आवाज. पाण्याच्या पहिल्या घोटाला ठसका लागून तो निळा पडला. मग एक तरुण बाई रोज येऊन त्याला गिळायला शिकवू लागल्या. पातळ काही नाही. सगळं पेजेसारखं दाट करून. घास लहान. तोंडात असताना बोलायचं नाही, घाई करायची नाही. हनुवटी छातीशी, मान डावीकडे, मगच गिळायचं, म्हणजे घास भक्कम बाजूने उतरतो. "डावीकडे कुणी बसलंय, त्याच्याकडे बघायचं, आणि गिळायचं," त्या सांगत. चहा ओढून चाखण्याचं त्याने विचारलं तेव्हा त्या हादरल्याच. "फवारा? घशात? तो सरळ फुप्फुसात जाईल. नाही हो, तो विचारच सोडा." शिबाजी रोज येई आणि त्याला काय माहीत आहे ते त्याच्या तोंडावर मावत नसे, तो सतत खिडकीबाहेर बघून बोले. अतनु विचारत नसे. दाट केलेल्या त्या लापशीवरून काहीच कळत नव्हतं.

घरी आल्यावर काही दिवसांनी, एका सकाळी, त्याने जलपाईगुडीचा नंबर फिरवला. घंटा वाजली. काबेरीचा आवाज आला, थोडा धापलेला, अंगणातून धावत आल्यासारखा. "हॅलो?"

"मी," तो म्हणाला.

"कोण?"

"मी बोलतोय." तो खरखरीत आवाज तारेतून आणखी खरखरीत होत गेला असावा. त्याला स्वतःचं नाव घ्यायचं होतं, पण उरलेला श्वास नुसती हवा होऊन गेला.

"कोण पाहिजे आपल्याला? हे घर आहे, शाळा नाही. राँग नंबर." आणि मग, ठेवता ठेवता, दुसऱ्या कुणाला तरी: "कुणी म्हातारा होता."

त्याने रिसीव्हर जागेवर ठेवला. राग आला नाही. तिने चूक केली नव्हती. जे तिच्या कानात आलं ते तिने सांगितलं होतं.

त्या दुपारी पारुलमाशींनी पहिल्यांदा साधं जेवण रांधलं. मऊ भात, आणि थाळीच्या कडेला तळलेल्या उच्छ्याच्या चार चकत्या. "बारीक चावा," त्या म्हणाल्या. "मी थांबू?"

"नको."

"आवाजाचं काय ते बघा. तुम्ही परत आल्यापासून मला वाटतंय, घरात कुणी पाहुणा उतरलाय." त्या गेल्या.

त्याने भातात एक चकती कुस्करली आणि घास तोंडात घेतला. चावला. आधी तेल आलं, मीठ आलं, मग जिभेवरून मागे सरकत कडू निघालं. त्याने डोळे मिटले. उजवीकडे ते पोचलं आणि उभं राहिलं, हिरवं, टोकदार, शेवटी थोडं तुरट. उच्छे कोवळे होते, कालचे, जरा जास्त तळलेले. डावीकडे त्याने घास नेला आणि वाट पाहिली. तिथे घासाचं वजन होतं, ऊब होती. बाकी काही नव्हतं. पाटी दारावर तशीच, आणि बिऱ्हाड गेलेलं. म्हणजे धमनी नव्हतीच. म्हणजे कापली. इतकी वर्षं निकाल द्यायची सवय असलेल्या त्या तोंडाने तो निकालही नीट, शांतपणे दिला, आणि कुणाचाही हात ताटावर थांबलेला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला.

घास तोंडातच होता. तो अर्धा उठला, आणि शिकवलेलं आठवून परत बसला. घाई नाही. बोलायचं नाही. फोन वाजत होता. बाहेरगावच्या फोनची ती लांब, न थांबणारी घंटा, विजयादशमीला जलपाईगुडीहून यायची तशी. त्याने हनुवटी छातीशी नेली. मान डावीकडे वळवली, जिथे कुणी बसलंय असं समजायचं होतं. हात आपोआप कानावर गेला होता, डोळे मिटले होते, आणि सगळं तोंड जुन्या सवयीने त्या कोपऱ्याकडे वळून उभं होतं, ते येण्याची वाट बघत. ते आलं नाही. त्याने गिळलं. घास उतरला, स्वच्छ, ठसक्याशिवाय.

घंटा थांबलेली होती. तो उठून फोनपाशी गेला आणि रिसीव्हरवर हात ठेवून उभा राहिला. उजव्या बाजूला कडू अजून टिकून होतं. त्याने हळूच, नव्या आवाजात, स्वतःचं नाव उच्चारून पाहिलं. मग परत एकदा. मग जरा मोठ्याने.